गावाची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या पेठांतून नव्या चोपड्यांची पूजा होते. पहिल्या पानावर श्री लिहावयाचे, हळदकुंकू वाहावयाचे आणि वर्षभराचा जमाखर्च त्या वहीच्या हवाली करावयाचा, ही रीत घरातली लेकरेही जाणतात. दुकानाला वही आहे, घराला वही आहे. गावाची वही मात्र कोणी पाहिली आहे काय? कर कोणी बसविला, विहीर कोणाच्या शब्दावर खोदली, तंटा कोणी तोडला, याचा हिशेब कुठे सापडतो? सोलापूर जिल्ह्यातील माढ्याविषयी हा प्रश्न मनात धरून मी तीन ग्रंथ पुन्हा एकवार उघडले. सणासुदीला गॅझेटिअर वाचणारा माणूस थोडा विक्षिप्त असावा, असे वाचक म्हणतील. तो आरोप मी मान्य करून टाकतो.

पहिला ग्रंथ मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड, सोलापूर जिल्ह्याचा. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तो १८८४ साली इंग्रजीत निघाला. आधी प्रदेशवर्णन, मग उत्पन्न, लोक, शेती, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय, वसूल, तालुके आणि अगदी शेवटी स्थळे, असा त्याचा क्रम आहे. या क्रमातच ग्रंथाचा स्वभाव आला. माढा येथे आधी तालुका आहे, गाव नंतर. रावरंभा निंबाळकरांच्या नावाने ओळखला जाणारा किल्ला आणि माढेश्वरीचे देऊळ ही माढेकराच्या मनातली पहिली दोन ठिकाणे. पण कलेक्टराच्या घोड्यावरून पाहणाऱ्यास प्रथम दिसते ती मामलेदार कचेरी.

तरीही या ग्रंथाचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. १८३८ साली सोलापूरची कलेक्टरी उभी राहिली तेव्हा बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्या पंक्तीला इंडी, हिप्परगी आणि मुद्देबिहाळ हे कानडी मुलुखातले तालुकेही होते. १८६४ साली ती कलेक्टरी मोडली, थोड्याच वर्षांत पुन्हा जुळविली. पंढरपूर आणि सांगोला साताऱ्याकडून आले, १८७५ साली माळशिरसही आले. माढा आपल्या जागी बसून राहिला आणि जिल्हे त्याच्याभोवती मोडत-जुळत राहिले. ही सारी उलथापालथ अशा ग्रंथांमुळेच आपल्याला कळते. १८७६-७७ च्या दुष्काळाची हकीकतही इतक्या काटेकोरपणे दुसरे कोण लिहून ठेवणार होते?

दोष आहे तो वेगळाच. या ग्रंथात सारी क्रियापदे सरकारची आहेत. सरकार मोजणी करते, सारा ठरविते, रस्ता बांधते. गाव फक्त सोसतो किंवा भरतो. गावकरी म्हणून काही ठरविणारा माणूस या पानांत भेटत नाही. योगायोग असा, की ग्रंथ निघाला त्याच १८८४ साली मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या बोर्डांत लोकांनी निवडलेल्या सभासदांना जागा मिळाली. त्यामागे लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव होता.

रिपन हे नाव ज्या गावावरून आले, ते यॉर्कशायरमधले एक लहानसे शहर आहे. तेथे रोज रात्री नऊ वाजता बाजारचौकात शिंग फुंकण्याची शतकानुशतकांची प्रथा आजही पाळली जाते. गावावर रात्रीचा पहारा बसला, अशी ती वर्दी. पण कायद्याची गंमत पाहा: १९७४ साली त्या शहराचा बहुतेक कारभार हॅरोगेटच्या कौन्सिलकडे गेला, आणि २०२३ साली ते कौन्सिलही विसर्जित होऊन सारे नॉर्थ यॉर्कशायरच्या एकाच कौन्सिलात सामावले. ज्यांच्या नावाने आपण स्थानिक स्वराज्याचा पाढा गिरविला, त्यांच्याच गावाचा कारभार शेजारच्या गावी गेला! शिंग मात्र वाजत राहिले, कारण त्याची आठवण गावाने स्वतः जपली.

दुसरा ग्रंथ त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’, १९१५ सालचा. हे पुस्तक माढ्यावर नाही, पण माढ्यात बसून वाचावे असे आहे. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुते-अलुते, वतनाचे हक्क, खळ्यावर येणारे मागते, हे सारे आत्रे आतून जाणतात. गॅझेटिअरमध्ये ‘वसूल’ हा एक आकडा असतो. आत्र्यांच्या पानावर तो कुणब्याच्या राशीतून पसापसाने निघून जाताना दिसतो. मराठी गद्याने गावाच्या कारभाराकडे इतक्या खडखडीत नजरेने क्वचितच पाहिले असेल. त्यांची भाषा कचेरीत तासली गेली आहे खरी, पण तिच्यात मातीचा कस टिकला आहे.

पण आत्रेही सरकारी अंमलदारच. कुणब्याचा कैवार घेताना भटक्या आणि मागत्या जमातींकडे ते बहुधा शेतकऱ्यावरचा भार म्हणून पाहतात. गाड्याला कोण ओढतो आणि कोण त्यावर बसतो, हे त्यांनी नेमके दाखविले. चाकाखाली कोण सापडतो, हे पाहताना मात्र त्यांची नजर कठोर होते. ग्रंथ थोर आहे म्हणून हे बोलू नये, असे मला वाटत नाही. थोर ग्रंथाशीच असे भांडता येते.

तिसरा ग्रंथ सोलापूरच्या गॅझेटिअरची १९७७ ची सुधारित आवृत्ती, हीसुद्धा इंग्रजीतच. मधल्या काळात गावगाड्याची चाकेच बदलली होती. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले, १९५८ साली ग्रामपंचायतींचा नवा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. या आवृत्तीत स्थानिक स्वराज्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु प्रकरण वाचून मन निवत नाही. कोणत्या संस्थेला कोणते अधिकार, कोणत्या बाबी, किती उत्पन्न, हे सारे आहे; माणसे नाहीत. जिल्ह्याचे नाव बदलले तरी चालेल अशी ती वाक्ये. १८८४ च्या ग्रंथात परक्या सरकारचा आवाज होता. येथे आपल्या सरकारचा आहे, पण गाव अजून गप्पच.

एकच उदाहरण देतो. माढा तालुक्याचे गाव, तहसील कचेरी माढ्यात. पण पंचायत समिती कुर्डुवाडीत आणि प्रांत कचेरीही कुर्डुवाडीत. एका दाखल्यासाठी एका गावी आणि अपिलासाठी दुसऱ्या गावी, असा हेलपाटा माढ्याच्या माणसाच्या अंगवळणी पडला आहे. कुर्डुवाडीला हे महत्त्व कसे आले, हे समजण्यास आगगाडीचे रूळ पाहावे लागतात. मोठी लाईन सोलापूरकडे सरकत होती तेव्हा हे ठिकाण ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १८९७ साली तेथून बार्शीची लहान गाडी सुटली आणि जंक्शनाचे गाव वाढत गेले. किल्ला, देवी आणि जुनी कचेरी एकीकडे, वाफ आणि बाजार दुसरीकडे. दोन गावांमधली ही ओढाताण म्हणजे तालुक्याच्या कारभाराची खरी कथा. तिचे तुकडे ग्रंथांत विखुरले आहेत; कथा म्हणून ती कोणी सांगितलेली नाही.

आता तर माढ्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. १९९३ च्या घटनादुरुस्तीने बायकांना एकतृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा मिळाल्या, हा बदल तर या तिन्ही ग्रंथांच्या नंतरचा. संस्था बदलली की दप्तर हलते, आणि हलवलेले दप्तर कसे हरवते, हे ज्यांनी घर बदलले आहे त्यांना सांगावयास नको. ठरावांची बुके, घरपट्टीच्या याद्या, पाण्यावरून झालेल्या सभांची इतिवृत्ते हीच गावाची वही. ती वाळवीच्या स्वाधीन झाली, तर उद्याच्या लेखकाला पुन्हा कलेक्टराच्या घोड्यावरच बसावे लागेल.

म्हणून माझी तक्रार या तीन ग्रंथांपेक्षा आपल्यावरच अधिक आहे. कॅम्पबेलने त्याच्या सरकारसाठी लिहिले, आत्र्यांनी कुणब्यासाठी लिहिले. गावाने गावासाठी काय लिहिले? फराळाला घरची सारी माणसे जमतील तेव्हा आजोबांना विचारावे, की पहिला नळ कोणत्या आळीत आला आणि त्यासाठी कोण भांडले. आजीला विचारावे, की तोवर पाणी कुठून आणीत होता. नातवाने ते लिहून घ्यावे. पूजेच्या चौरंगावर दुकानाच्या वहीशेजारी एवढी एक वही ठेवण्यास जागा नक्कीच निघेल.