‘समिधा’ : समर्पण आणि मर्यादा

साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनाचे शीर्षकच समर्पणाचा आदर्श सूचित करते. समिधा जळते, किती जळावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र तिला नसतो. सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या मनःशक्तीच्या क्षयासाठी हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ ही संज्ञा वापरली; तीही जळण्याशीच निगडित आहे. त्यागाचा गौरव करणाऱ्या वाचनात हा थकवा अनुच्चारित राहतो.

तथापि वरोऱ्यानजीक उभ्या राहिलेल्या आनंदवनाचे कार्यसूत्र शीर्षकातील रूपकाला छेद देते. दयेऐवजी श्रम हे तेथील तत्त्व होय. शेती व उद्योग कुष्ठरुग्णांनीच सांभाळले. त्यामुळे संस्थेचा भार अनेकांत विभागला गेला.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या परिसरात लोकलचा दीर्घ प्रवास करून उरलेल्या वेळात ग्रंथालय, प्रवासी संघटना वा गृहनिर्माण संस्था चालविणाऱ्या वाचकाने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कार्यकर्त्याचा नकाराचा अधिकार मान्य झाला तरच कामाची वाटणी सुरू होते. अन्यथा कार्यकर्ता संपतो आणि त्याच्यासमवेत संस्थाही.