साखळी-करवतींच्या कार्यक्षमतेची तुलना : निकषांचा पुनर्विचार

व्यावसायिक कामासाठी बनविलेल्या साखळी-करवतींची, म्हणजे बाजारात ज्यांना ‘चेनसॉ’ म्हणतात त्या यंत्रांची, तुलना करण्याची एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. सिलिंडराचे आकारमान, शक्ती आणि वजन यांचे आकडे शेजारी शेजारी मांडावयाचे. एकाच जाडीचा ओंडका कापण्यास कोणत्या करवतीला किती सेकंद लागले ते नोंदवावयाचे. आणि जिला सर्वांत कमी वेळ लागला ती श्रेष्ठ ठरवावयाची. ही पद्धत शास्त्रीय दिसते, आणि तिच्यातील आकडे बहुधा खरेही असतात. परंतु खऱ्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असे नाही. एरंडोलसारख्या खानदेशी तालुक्यातील लाकूडतोड समोर ठेवून या निकषांची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शक्ती आणि वजन यांना हे प्राधान्य का मिळाले, हे इतिहासावरून कळते. आन्ड्रेआस स्टील यांनी जर्मनीत १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. ती यंत्रे इतकी अवजड होती की ती चालविण्यास दोन माणसे लागत. १९५९ साली त्याच कारखान्याची ‘कोन्ट्रा’ ही करवत आली. तिची शक्ती सुमारे सहा अश्वशक्ती व वजन सुमारे १२ किलो असल्याने ती एकट्या माणसाला पेलू लागली. ज्या काळात यंत्र उचलता येणे हीच मुख्य अडचण होती, त्या काळात दर किलोमागे मिळणारी शक्ती हा निकष सर्वस्वी योग्य होता. प्रश्न असा की, ती अडचण दूर झाल्यावरही तोच निकष तितकाच निर्णायक मानावा काय?

आजच्या दोन करवतींचे उदाहरण घेता येईल. स्टील एम.एस. ४६२ या करवतीचे सिलिंडर ७२.२ घनसेंटिमीटरचे, शक्ती ४.४ किलोवॅट आणि पाते व साखळी वगळून वजन ६ किलो आहे. हुस्कवार्ना ५७२ एक्स.पी. हिचे आकडे अनुक्रमे ७०.६, ४.३ आणि ६.६ असे आहेत. वजनातील सहाशे ग्रॅमचा फरक दिवसभर हातात धरणाऱ्याला जाणवेल, हे मान्य केले पाहिजे. शक्तीतील फरक मात्र अडीच टक्क्यांहूनही कमी आहे. एवढ्याशा फरकावर श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे हे तराजूच्या काट्याहून बारीक वजन तोलू पाहण्यासारखे होय.

हा फरक खानदेशात कितपत टिकतो, हेही पाहणे अगत्याचे आहे. जळगाव जिल्ह्यात वैशाखात तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. हवा तापली की विरळ होते. २० अंशांच्या हवेशी तुलना करता ४५ अंशांच्या हवेची घनता सुमारे आठ टक्क्यांनी कमी भरते, आणि इंजिनात जाणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. नव्या करवतींतील स्वयंचलित यंत्रणा इंधन व हवा यांचे प्रमाण साधते. परंतु जी हवा मुळात आत आलीच नाही ती तिला निर्माण करता येत नाही. ऊन दोन्ही यंत्रांवर सारखेच पडते, तेव्हा त्यांचा क्रम उलटेल असे नव्हे. परंतु कोष्टकातील ज्या फरकावर एवढा खल होतो, त्याच्या तिपटीहून अधिक घट एकटे हवामान घडवून आणते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या फरकाचे खरे मोल कळून येते.

लाकडाचा प्रश्न याहून गंभीर आहे. पाश्चात्य चाचण्यांत बहुधा पाइन किंवा स्प्रूस यांसारख्या मऊ, ओल्या व स्वच्छ लाकडाचा ओंडका घेतला जातो. खानदेशातील अंजनाचे लाकूड भारतातील अतिशय जड व कठीण लाकडांपैकी एक असून ते पाण्यात बुडते. सागाच्या लाकडात सिलिका असल्यामुळे हत्याराची धार लवकर जाते. अंजन, साग, आंबा, मोह इत्यादी झाडे खाजगी जमिनीवर असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगीवाचून तोडता येत नाहीत. त्यामुळे शेतकऱ्याचे नित्याचे काम म्हणजे बांधावरची बाभूळ, वाऱ्याने पडलेला निंब, वाटेत आलेल्या फांद्या असे असते. अशा झाडांच्या सालीत मातीची धूळ बसलेली असते, आणि बुंध्यात कधी कुंपणाची तार, तर कधी जुना खिळा रुतलेला असतो. स्वच्छ ओंडक्यावर सेकंदांत मोजलेला वेग या कामाविषयी फारच थोडे सांगतो.

येथे साखळीचा विचार आवश्यक ठरतो, कारण लाकूड कापते ते इंजिन नव्हे, साखळीचा दाता. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्याचे निरीक्षण केले आणि त्यावरून रंध्याप्रमाणे ढलपी काढणारा दाता योजिला. साखळीची मूळ कल्पना आजही तीच आहे. चौकोनी कोपऱ्याचा दाता स्वच्छ लाकडात जलद चालतो, पण धूळ लागताच लवकर बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा दाता किंचित सावकाश चालतो, पण धार अधिक काळ टिकवितो. म्हणजे ज्या साखळीने चाचणी जिंकली जाते तीच बांधावरच्या बाभळीत आधी हरण्याचा संभव असतो. करवतीतून ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की कानस हाती घेण्याची वेळ झाली, हे जाणणारा कामगार मध्यम शक्तीच्या यंत्राकडून जे काम करवून घेतो, ते बोथट साखळीच्या बलाढ्य यंत्राकडून होत नाही. बोथट साखळी रेटावी लागते. रेटल्याने इंजिन तापते, पाते झिजते आणि माणूस थकतो.

माणसाचा उल्लेख आला म्हणजे या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव पुढे येते. कंप पावणाऱ्या हत्याराने हाताच्या रक्तवाहिन्यांची व मज्जातंतूंची हानी होते, हे अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली इंडियानातील पाथरवटांच्या पाहणीत नोंदविले होते. पुढे तोच विकार साखळी-करवत चालविणाऱ्यांत आढळला. थंडीत बोटे पांढरी पडणे हे त्याचे ठळक लक्षण. उष्ण प्रदेशात ते लक्षण क्वचित दिसेल. परंतु म्हणून बोटांची बधिरता व पकडीचा अशक्तपणा टळतो असे समजणे धोक्याचे आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी कंपनाचे मान सेकंदवर्गाला २.५ मीटरवर गेले की उपाय योजावे लागतात, आणि ५ मीटर ही कमाल मर्यादा आहे. कंपन दुप्पट झाले की तोच परिणाम चतुर्थांश वेळात होतो, असे हे गणित आहे. २.५ मानाची करवत आठ तासांत हाताला जेवढा आघात देते, तेवढा ५ मानाची करवत दोनच तासांत देते. अशी दुसरी करवत प्रत्येक ओंडक्यामागे चार सेकंद वाचवीत असली, तरी तिला श्रेष्ठ म्हणणे कोणाच्या दृष्टीने खरे ठरेल? ज्याला तोडलेल्या लाकडाच्या वजनावर पैसा मिळतो त्याच्या दृष्टीने कदाचित ठरेल. ज्याचे हात त्या मुठीवर असतात त्याच्या दृष्टीने खचित नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सेकंदांची चाचणी निदान निःपक्ष आहे. ती कोणीही कोठेही पुन्हा करून पाहू शकतो, उलट दिवसभराच्या कामाचे मोजमाप माणसागणिक बदलेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणून सेकंदांची चाचणी टाकून द्यावी असे सुचवावयाचे नाही. परंतु जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे, असा समज त्या चाचणीआडून रूढ होतो, त्यास विरोध केला पाहिजे. शिवाय कंपन, आवाज, दोन धारांमधील काळ, दर लिटर इंधनामागे कापलेले लाकूड या गोष्टीही मोजता येतात. त्यांतील पहिल्या दोहोंसाठी तर आंतरराष्ट्रीय मानके आहेत. तेव्हा अडचण मापनाची नसून निवडीची आहे.

सारांश, साखळी-करवतीची कार्यक्षमता हा एकट्या यंत्राचा गुण नव्हे. यंत्र, साखळी, लाकूड, हवा आणि हात या पाचांच्या मेळातून ती सिद्ध होते. तुलनेचे एकक ओंडका न धरता पूर्ण दिवसाचे काम धरावे, ते स्थानिक लाकडावर करावे, आणि दिवसाअखेरीस हाताची काय अवस्था झाली याचीही नोंद करावी. अशा कसोटीवर कोष्टकातील पहिली करवत पहिलीच राहील किंवा राहणार नाही. परंतु जी पहिली येईल तिचे पहिलेपण एरंडोलच्या बांधावरही खरे असेल.