ग्रहगणना आणि ग्रहभय : उज्जयिनीच्या परंपरेचे शास्त्रदृष्ट्या परीक्षण

पूर्वजांच्या परंपरेविषयी आपल्या मंडळ्यांत दोन टोकांची मते आढळतात. पूर्वापार आलेले सर्व त्याज्य, हे एक. शास्त्रात ज्याचा नाव घेऊन निषेध नाही ते सर्व ग्राह्य, हे दुसरे. उज्जयिनीच्या ज्योतिषपरंपरेचा विचार करता ही दोन्ही मते अपुरी ठरतात, असे आम्हांस वाटते.

उज्जयिनीवरून जाणारी रेषा सूर्यसिद्धान्ताने गणनेचा आधार मानली. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिके’त रोमक व पौलिश या पाश्चात्त्य मुळाच्या सिद्धान्तांचाही समावेश केला. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने येथे वेधशाळा उभारली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. याच नगरीत मंगळनाथाचे मंदिर आहे. हे मंगळाचे जन्मस्थान अशी श्रद्धा असून, पत्रिकेतील मंगळदोषाच्या निवारणार्थ तेथे भातपूजा होते. ग्रह एकच, वेधशाळेत त्याची गती मोजली जाते, मंदिरात त्याचा कोप शमविला जातो.

या दोहोंतील भेद शास्त्रानेच दाखविला आहे. आकाशातील ज्योती ऋतू, दिवस व वर्षे कळावीत म्हणून देवाने निर्मिल्या (उत्पत्ती १:१४). त्याच आकाशातील चिन्हांना भिऊ नये, असे यिर्मया बजावतो (१०:२). मंडळीदेखील पुनरुत्थानाचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी मानते. तेव्हा गणनेला परकी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. मागी लोकांचा दाखला देऊन कोणी फलज्योतिषाचे समर्थन करील. परंतु त्यांनी दंडवत घातला तो बालकापुढे, ताऱ्यापुढे नव्हे (मत्तय २).

हा केवळ पंडितांचा वाद नाही. ‘मुलीला मंगळ आहे’ या एका वाक्याने निरपराध कन्येचा विवाह मोडतो; पुढे घरात मृत्यू घडला तर दोष तिच्याच पायगुणाला लागतो. वाडवडिलांच्या संप्रदायाच्या आडून आईबापांचा हक्क बुडविला जात होता, तेथे प्रभूने कठोर शब्द उच्चारले (मार्क ७:९-१३). परंपरेची कसोटी तेथेच मिळते : ती देवाच्या आज्ञेला बाजूस सारून दुर्बळावर ओझे लादते काय?

हीच कसोटी आपल्या घरांनाही लावावयास हवी. पत्रिका गेली तरी मनातला मंगळ जातोच असे नाही. तेराचा आकडा टाळणारा ख्रिस्ती मनुष्य मंगळाला भिणाऱ्याहून वेगळा नाही. उपासकाळात विवाह न लावणे ही मंडळीची शिस्त आहे. तो काळ अशुभ म्हणून नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दिवस पाळण्या-न पाळण्याची मोकळीक पौल देतो (रोम १४:५-६). दिवसांचे दास्य मात्र तो साहत नाही (गलती ४:९-१०).

म्हणून पंचांग पाहून ठरविलेली तारीख घेऊन कोणी आले, तर पाळकाने तारखेवर वाद घालू नये. आप्तांची सोय हे कारण असेल तर तीच तारीख आनंदाने द्यावी. भय हे कारण असेल, तर विवाहापूर्वी त्या भयाशीच बोलावे, आणि वधूच्या देखत बोलावे.