खापरावरची चित्रे आणि आव्यातली आच

प्राचीन भारतीय मृद्भांड्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा चित्रांच्या आधारे सांगितला जातो. हडप्पा संस्कृतीच्या लाल रांजणांवरची काळी पिंपळपाने, एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, मोर यांचे कौतुक होते. पुढे चित्रे विरळ झाली की ऱ्हास झाला, असे ठरवून लेखक मोकळे होतात. हा निवाडा कुंभारावर अन्याय करणारा आहे. भांडे पारखायचे तर आधी माती पाहावी, मग घडण, मग भाजणी. चित्राची पाळी त्यानंतर.

जोर्वेचेच पाहा. संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या या गावी १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. इथल्या भांड्यांवरून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातील एका संस्कृतीला नाव मिळाले. तिचा भर इ. स. पू. १४०० ते १००० असा मानतात. त्याआधीची माळवा भांडी अंगाने जाडसर, पण पशुपक्ष्यांनी आणि नक्षीने भरगच्च. जोर्वेच्या कुंभाराने चित्रे कमी केली आणि भांडे सुधारले. माती बारीक, चाकावरची घडण सफाईदार आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. नळीसारख्या तोटीचे घट, पोटाशी ठसठशीत कोन काढलेले वाडगे, आणि नारिंगी-लाल अंगावर काळ्या रेघांची, जाळीची मोजकी नक्षी. तीही बहुधा कोनाच्या वरच. घाटाला धक्का न लावणारा हा संयम मला त्या काळच्या कलेतली सर्वांत प्रौढ गोष्ट वाटते. याच संस्कृतीच्या घोडनदीकाठच्या इनामगावात घराच्या जमिनीखाली लहान मुले पुरलेली सापडली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत. हे कुंभ हाताने घडवलेले, जाडेभरडे आहेत. बारीक काम येत असूनही या कामाला ओबडधोबड कुंभच घेतले जात होते.

लोहयुगात विदर्भातील माहुरझरी, नायकुंडच्या शिलावर्तुळांत काळी-तांबडी भांडी मिळतात. पालथे घालून भाजल्याने आतले अंग आणि काठ हवेअभावी काळे पडतात, बाहेरचे लाल होते, असा त्यांचा मान्य खुलासा आहे. नायकुंडलाच लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. हवेवर ताबा ठेवून आच राखण्याचे ज्ञान त्या वस्तीत दोन्ही कामांना लागत होते.

गंगेच्या खोऱ्यातली उत्तरी काळी चकाकीची भांडी तर क्वचितच रंगवलेली. तरी पातळपणात आणि तकाकीत त्यांची बरोबरी अवघड, म्हणूनच त्यांची खापरे नाशिक, प्रकाशेपर्यंत पोहोचलेली दिसतात.

उत्खनन अहवालांत खापरांच्या आकृत्या काटेकोर असतात, काठांचे वर्गीकरणही बिनचूक असते. पण तिथे खापर बहुतेकदा कालमापनाचे साधन म्हणूनच येते. आवा रचणाऱ्या, थापटणे चालवणाऱ्या आजच्या कुंभारांना सोबत घेऊन तीच भांडी पुन्हा घडवून आणि भाजून पाहण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे. तीच माती, तेच सरपण वापरून जोर्वेचा तो नाद निघतो का, हे त्यातूनच कळेल.