सिनेटची संमती आणि न्यायाधीशांची नियुक्ती : हॅमिल्टन यांच्या प्रतिपादनाची चिकित्सा

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे नामनिर्देशन राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने त्यांची नियुक्ती होते. या तरतुदीचे तात्त्विक समर्थन अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये ‘फेडरलिस्ट’च्या ७६ व्या निबंधात केले. ते अनुभवाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हॅमिल्टन यांचा युक्तिवाद दुहेरी आहे. निवड सभागृहाकडे सोपविल्यास गुणवत्तेऐवजी पक्षीय देवघेव प्रभावी ठरेल. म्हणून ती एकाच व्यक्तीने करावी. मात्र त्या व्यक्तीने मर्जीतल्या माणसांना पदे वाटू नयेत, यासाठी सिनेटची संमती आवश्यक असावी. हा अंकुश बहुधा मूकपणे कार्य करील, नकाराच्या भीतीनेच अयोग्य नावे टळतील, अशी त्यांची धारणा होती.

ही धारणा सर्वस्वी निराधार नाही. २००५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी व्हाइट हाऊसमधील आपल्या विधी सल्लागार हॅरिएट मायर्स यांचे नाव सुचविले. पात्रतेविषयी स्वपक्षातूनच शंका उपस्थित झाल्यावर मतदानापूर्वीच ते मागे घेतले गेले.

तथापि सिनेट व्यक्तीची योग्यता तपासेल, हे गृहीतक पुढे टिकले नाही. १९८६ मध्ये स्कॅलिया ९८ विरुद्ध ०, तर १९९३ मध्ये गिन्सबर्ग ९६ विरुद्ध ३ मतांनी संमत झाले. स्कॅलिया यांच्या निधनानंतर मार्च २०१६ मध्ये ओबामांनी सुचविलेल्या मेरिक गार्लंड यांची मात्र, निवडणूक वर्षाचे कारण देऊन, सुनावणीही झाली नाही. २०१७ मध्ये चर्चा थांबविण्यासाठी लागणारी ६० मतांची अट काढून साधे बहुमत पुरेसे ठरविण्यात आले. २०२० मध्ये त्याच पक्षाच्या बहुमताने एमी कोनी बॅरेट यांना निवडणुकीपूर्वी अवघे आठ दिवस ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली. ज्या पक्षीय वृत्तीच्या भयाने हॅमिल्टन यांनी सभागृहाला निवडीपासून दूर ठेवले, ती संमतीच्या दारातून आत आली.

तहहयात पदामुळे हा दोष अधिक गंभीर होतो. भारतात १२४ व्या अनुच्छेदाने ६५ वर्षांची वयोमर्यादा घातली आहे. अमेरिकेत तशी मर्यादा नसल्याने रिक्त जागा योगायोगावर अवलंबून राहते. कार्टर यांना चार वर्षांत एकही नियुक्ती करता आली नाही. ट्रम्प यांनी पहिल्या कार्यकाळात तीन केल्या. १९७३ चा गर्भपातविषयक निर्णय २०२२ मध्ये रद्द करणाऱ्या बहुमतात ते तिघेही होते. नागरिकांचे अधिकार असे न्यायाधीशांच्या निधनाच्या तारखांशी जोडले गेले.

सारांश, दोष संमतीच्या तत्त्वात नसून तिला कालमर्यादा नसण्यात आहे. विचारान्ती दिलेला नकार हा अंकुश होय. विचारच न करणे हा नव्हे. हॅमिल्टन यांना अंकुशाचे मौन अपेक्षित होते; २०१६ मध्ये सिनेटने पाळलेले मौन कर्तव्याच्या टाळाटाळीचे होते. या दोहोंतील भेद घटनेच्या शब्दांत नाही, हीच या प्रतिपादनाची मर्यादा होय.