'विजय' परततो तेव्हा

हिंदी क्रीडापटात सामन्यापेक्षा माणसाचं परतणं मोठं असतं. 'चक दे इंडिया'तला (२००७) कबीर खान पाकिस्तानविरुद्ध एक पेनल्टी चुकवतो, गद्दारीचा शिक्का घेऊन नाहीसा होतो आणि सात वर्षांनी महिला हॉकी संघाला विश्वचषक जिंकून देत तो डाग पुसतो. हा साचा नटांनाही मानवतो. नायक सावरला की त्याला साकारणाऱ्याचीही 'दुसरी खेळी' सुरू झाली असं मानायला प्रेक्षक राजीच असतो. नागपुरात घडणाऱ्या नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'ने (२०२२) मात्र या साच्यालाच अडचणीत आणलं. ज्याला मैदानात पाऊलच टाकू दिलं नाही, त्याचं पुनरागमन कसलं?

चित्रपटामागे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले माजी क्रीडाशिक्षक विजय बारसे यांचं काम आहे. २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली पोरं त्यांना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला आणि बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचला. पडद्यावर बारसे यांचे विजय बोराडे झाले आणि भूमिका अमिताभ बच्चन यांच्याकडे गेली. हा योग अर्थपूर्ण आहे. 'जंजीर' (१९७३) आणि 'दीवार'मधल्या (१९७५) संतप्त तरुणाचं नावही विजयच होतं. स्वतःच्या कंपनीच्या कर्जाने घेरलेले बच्चन २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आणि 'मोहब्बतें'मधून परतले, ते बहुतेकदा करारी वडीलधारे म्हणून. रस्त्यावरचा विजय मागेच राहिला. 'झुंड'मध्ये तो वस्तीत येतो, पण राग सोबत आणत नाही. राग आता पोरांचा आहे. बोराडे ऐकतात, बाजूला उभे राहतात, आणि बच्चन यांचा तो प्रसिद्ध आवाजही घरगुती बोलण्याच्या पट्टीत उतरतो. स्वतःची जागा कमी करत नेणं हीच या अभिनयाची कमाई आहे.

यावर आक्षेप असा की, वस्तीचा उद्धार करायला शेवटी बाहेरचा गुरुजीच लागला. पूर्वार्धापुरता तो खरा आहे. पण एरवी क्रीडापटाचा कळस ठरावा असा कॉलेजच्या संघाविरुद्धचा सामना इथे मध्येच उरकतो. त्यानंतर चेंडू मागे पडतो आणि परदेशातल्या स्पर्धेला जायला लागणारा कागद पुढे येतो. रिंकू राजगुरूची मोनिका ओळखीच्या पुराव्यासाठी बापाबरोबर वणवण करते. अंकुश गेडामच्या डॉनच्या वाटेत पोलिसांतली नोंद आडवी येते. जवळपास तीन तासांचा हा चित्रपट उत्तरार्धात रेंगाळतो, ही तक्रार रास्त आहे. तरीही ते रेंगाळणं निव्वळ संकलनाची चूक नव्हे. या मुलांचा खरा प्रतिस्पर्धी समोरचा संघ नसून टेबलामागचा माणूस आहे, आणि तो वेळकाढूपणाच खेळतो. ती परदेशातली स्पर्धा चित्रपट दाखवतच नाही. विमानात बसायला मिळणं हाच इथला निकाल, आणि तिथवरचा शेवटचा टप्पा बोराडे कुणासाठीही पार करू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: बच्चन नसते तर या पोरांकडे कोण बघायला आलं असतं? मंजुळे यांनी 'सैराट'मधून (२०१६) घराघरांत पोचलेल्या आकाश ठोसर आणि रिंकू यांनाही इथे गर्दीतलेच एक करून टाकलं, पण पोस्टरवर मोठा चेहरा लागलाच. या आक्षेपाला चित्रपटाकडे उत्तर नाही, आणि तो दोष एकट्या चित्रपटाचा नाही. नागपूरच्या अंकुश गेडामला २०२३ मध्ये पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. आपला सिनेमा ताऱ्याच्या दुसऱ्या खेळीसाठी भूमिका लिहून ठेवतो. अंकुशसारख्यांच्या दुसऱ्या चित्रपटासाठी, जिथे शेजारी कुणी बच्चन नसेल, तो काय लिहितो, यावर 'झुंड'ने केलेल्या कामाची खरी किंमत ठरेल.