नावाचा हक्क आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील ३१ वा श्लोक नावांची वाटणी करतो : ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित. म्हणजे माणसाची पायरी त्याला मारलेल्या हाकेतूनच कळावी. ‘मूल जगावे म्हणून आईबाप दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत’ असा खुलासा केला जातो. तो खरा आहे; परंतु त्या दगडूचा म्हातारपणीही ‘दगड्या’ करणारी गावाची जीभ त्याने निर्दोष ठरत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता जन्मू लागले. संविधानाचा २५ वा अनुच्छेद असा बारशापर्यंत पोहोचला. मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धम्म स्वीकारणाऱ्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. ख्रिस्ती वा मुसलमान झालेल्या दलितांना तो आदेश आजही वगळतो.

म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनी केवळ हारतुरे आणि जयघोष पुरेसे नाहीत. धर्म निवडल्याबद्दल ज्यांना अजून दंड भरावा लागतो, त्यांचा प्रश्न आपल्या व्यासपीठावरून मांडला गेला पाहिजे. धर्मस्वातंत्र्य ही केवळ आपल्यापुरती मागणी नव्हती.